गुलाबरावांचं उलटं इंजिन

गुलाबराव इंजिनाची विचारपूस करायचे. सिलिंडरवर तळहात ठेवून, "काहून रुसला गा बापू? काय खुपून राहिलं तुले?" असं विचारायचे आणि कान लावून उत्तराची वाट पाहायचे. मी आयटीआय झालेला फिटर; सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. आमच्या धरमपेठेतल्या गल्लीत कुणाची स्कूटर अडली की माझंच दार वाजायचं. काटोलकडच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा हा चौथी शिकलेला माणूस समोर राहायला आला आणि सहा महिन्यांत लोक माझ्या दारावरून त्यांच्याकडे जाऊ लागले. माझा नुसता जळफळाट झाला.

त्यात ती मोटार आली. सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. गांधीबागेतल्या एका कापडव्यापाऱ्याच्या गोदामात एक बुटकी परदेशी मोटार धूळ खात पडली होती. अंड्यासारखी गोल, दोघांपुरती. दार कडेला नाही, समोर. गाडीचं अख्खं तोंडच उघडायचं. शेटजींनी आधी मलाच बोलावलं होतं. मी इंजिन पाहून "भंगार आहे" म्हणालो आणि रुबाबात परतलो. आठवड्याभरात तीच मोटार गुलाबरावांनी भंगाराच्या भावात घेतली आणि अंगणात उभी केली.

"इंजिन तं गेलंच जी," ते मला म्हणाले. "पण दार पायलं का तुम्ही? आमच्या मंडळीले वाकावं लागत नाही. सरळ जाऊन बसते."

त्यांच्या बायकोचा, सिंधूबाईंचा, एक पाय लहानपणापासून अधू. रिक्षात चढणं त्यांना जमत नसे. लग्नाला वीस वर्षं झाली, पण दसऱ्याचा रावण त्यांनी पाहिला नव्हता. "यंदा दाखवतो तिले," गुलाबराव म्हणाले. ते दार मीही उघडून पाहिलं होतं, पण मला हे सुचलं नव्हतं. राग त्याचाच जास्त आला.

त्यांनी भंगारातून मोटारसायकलचं इंजिन आणलं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. ते प्रत्येक नट दाखवत विचारायचे, "पाहा बरं, काही चुकून तं नाही राहिलो मी?" अष्टमीला किकचा दांडा अडायला लागला म्हणून त्यांनी इंजिन तोंड फिरवून बसवलं आणि चेन चढवली. मला पाहताक्षणी कळलं. आता चाकही उलटं फिरणार. पहिला गिअर टाकला की गाडी मागे जाणार. विहिरीवरच्या इंजिनाला कुठे जायचंच नसतं, म्हणून हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"पाहा बरं," ते म्हणाले.

"झकास," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाने, हातोडे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेले. दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. आता सांगून तरी काय उपयोग, अशी मी माझी समजूत घातली. खरं तर मला त्यांची फजिती पाहायची होती.

दसऱ्याला गल्ली जमली. सिंधूबाई नवं लुगडं नेसून आत बसल्या. नारळ फुटला, किक बसली, गिअर पडला आणि गाडी भसकन मागे येऊन माझ्याच मेंदीच्या कुंपणात शिरली. हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मग सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावलेला दिसला आणि मी हसायचा थांबलो.

"रडून काहून राहिली वं?" गुलाबराव म्हणाले. "रावण पाहाले जायचं हाय ना? मंग तोंड कुठं का असंना!"

लोकांनी गाडी ढकलून बाहेर काढली. गुलाबरावांनी मान मागे वळवली आणि उलटीच हाकत ते निघाले. गाडी लांब जात होती, पण सिंधूबाईंचं तोंड आमच्याकडेच होतं. वळणापर्यंत त्या हसताना दिसत राहिल्या. माझी बायको माझ्याशेजारी उभी होती. ती माझ्यामुळे अशी हसल्याचं मला आठवेना. त्या क्षणी गुलाबरावांचा जितका हेवा वाटला, तितका आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

परत आल्यावर ते सोनं द्यायला घरी आले. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून हळूच म्हणाले, "तुमाले दिसलं होतं ना जी?"

मी हातातली पानं मोजू लागलो.

"तुमची नजर लय बारीक. तुम्ही झकास म्हटलं, म्हणून मी पुन्हा पायलंच नाही." आवाजात राग नव्हता. "उद्या या. दोघं मिळून सरळ करू."

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन फिरवून बसवलं. पुढे बारा वर्षं सिंधूबाईंनी रावण चुकवला नाही. गुलाबराव गेल्यावर त्यांनी नवऱ्याचे पाने माझ्याकडे पाठवले. दर खंडेनवमीला ते माझ्या पाटावर असतात. कुंकू लावताना बाईंनी पान्यांसोबत पाठवलेला निरोप आजही आठवतो, "आमचे हे म्हणत, भरवशाचा माणूस तुम्हीच."