रायपुरातला आपला माणूस

रायपूर स्वस्त आहे, असं मी माझ्या साडभाऊंना सांगितलं. ही माझी चूक. शेजारी छत्तीसगढचं नवं राज्य नुकतंच झालं होतं, रायपूर त्याची राजधानी झाली होती आणि मी तिथं एका लग्नाला दोन दिवस राहून आलो होतो. त्या दोन दिवसांत माझा एक रुपया खर्च झाला नाही. राहायला वधूपित्याचं घर, जेवायला मांडव, दाढीला मांडवातलाच न्हावी. पान खायला कोपऱ्यावर गेलो तर पानवाल्यानं मला वऱ्हाडी म्हणून ओळखलं आणि पैसेच घेतले नाहीत. सिंदेवाहीला परतल्यावर मी शाळेत, बाजारात आणि पुढं मूल गावी जाऊन साडभाऊंच्या ओसरीवर, सगळ्या हिंदुस्थानच्या भावांचा अभ्यास केल्यासारखा चेहरा करून सांगितलं, "रायपूरसारखं स्वस्त शहर नाही." मी गुरुजी असल्यामुळे कोणी पुरावा मागितला नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूलच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री. त्यांच्यासारखे कान अख्ख्या झाडीपट्टीत दुसऱ्या माणसाला मिळाले नाहीत, आणि मिळाले असते तर त्यानं ते फक्त ऐकायला वापरले असते. साडभाऊ कानांनी बघायचे. त्यांच्या खिशात लांब दांडीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, असे. त्याचं टोक चालत्या यंत्राला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं मालकाला बाजूला घेऊन सांगायचं, "डाव्या अंगाची बेअरिंग दिवाळी नाई पाहत." आणि ती खरंच पाहायची नाही. हे मिलपुरतं ठीक होतं. पण एकदा आम्ही दोघं गडचिरोलीला निघालो असताना त्यांनी मूलच्या स्टँडवर एसटीच्या बॉनेटला पेचकस लावला आणि म्हणाले, "गुरुजी, हे सावली गावाच्या पुढं नाई जात. दुसरीनं जाऊ." मी सुशिक्षित. मी म्हणालो, असल्या अंधश्रद्धा मी मानत नाही, आणि ऐटीत चढून खिडकीशी बसलो. सावलीच्या वेशीवरच गाडीनं प्राण सोडला. मी उन्हात रस्त्याकडेला उभा असताना मागची गाडी आली, तिच्या खिडकीत साडभाऊ होते. माझ्यासाठी त्यांनी शेजारची जागा रुमाल टाकून धरून ठेवली होती.

त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा या माणसानं नवरदेवाकडं मान वर करून पाहिलं नाही. बाकीचे शिक्षण, नोकरी, शेती विचारत होते. हे अंगणात जाऊन मुलाची मोटरसायकल चालू करून उकिडवे बसले. आत येऊन म्हणाले, "देऊन टाका. चेनीले तेल हाय, टायमावर हाय. हा पोरगा बायकोले सांभाळन." संसार उत्तम चालला आहे. माझ्या लग्नाच्या वेळी मी सायकलवर गेलो होतो आणि तिचं मडगार्ड खडखडत होतं, हे मला तेव्हा आठवलं. साडभाऊ त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

दुसरी खोड जेवणाची. भात शिजण्यापूर्वी त्यातला एक दाणा दाताखाली धरून तो कोणत्या बांधीतला, म्हणजे कुठल्या शेतातला, किती जुना, हे सांगायचे. आणि एकट्यानं जेवायचे नाहीत. घरात बायको-मुलगी असली तरी ते एकटंच. बाहेरचं माणूस पंगतीला लागायचंच. रस्त्यानं जाणारा पोस्टमन, बोअरवेलवाले, एकदा तर मिलचं वीजकनेक्शन कापायला आलेला वायरमनसुद्धा त्यांनी घरी आणून जेवायला बसवला. तो हात धुऊन तसाच परत गेला; कनेक्शन कापायचं धैर्य त्याला आणखी दोन दिवस झालं नाही.

तर अशा माणसाला रायपूरच्या एका मिलमालकानं मूलला येऊन दुप्पट पगार सांगितला. साडभाऊंचं मन नव्हतं. पण मुलगी बारावी झाली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि दुप्पट पगाराशिवाय तिच्या फीचं काही जमणार नव्हतं. सल्ला द्यायला मी होतोच. मी स्वस्ताईचा पाढा पुन्हा म्हटला. महिन्याभरात तिघंजण गोंदियाला गाडी बदलून रायपूरला गेले.

तिकडून फोन येऊ लागले. साडभाऊंना पैशापेक्षा त्यामागच्या कारणाचं दुःख होतं. घरमालक दर चार महिन्यांनी भाडं वाढवायचा आणि म्हणायचा, "अब तो राजधानी है, मिस्त्रीजी." भाजीवाली टमाटर महाग करून तेच म्हणायची. रिक्षावाला तेच. एकदा ते फार चिडले होते. "गुरुजी, न्हावीबी म्हनते राजधानी हाय. अरे बापा, राजधानी तुही असन, केस तर मूल गावातले हायेत ना? ते काऊन राजधानीच्या भावानं कापून राह्यला?" मी खूप हसलो. हसण्याचा हक्क मला नव्हता, हे मला उशिरा कळलं.

कारण दरम्यान मी दुसरी चूक करत होतो, आणि ती रोज. रायपुरात आपला माणूस आहे, हे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. कोणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असे, कोणाची मुलाखत असे, कोणाला मिलचा पट्टा आणायचा असे. मी लगेच खिशातून कागद काढून पत्ता लिहायचा आणि खाली, "आपलाच माणूस आहे. सोय व्हावी." मग सही. लोक चहा पाजायचे. बाजारात दुरून नमस्कार यायचे. साडभाऊंना फोनवर विचारलं, त्रास नाही ना होत? तर ते खुशीत ओरडायचे, "पाठवा जी, पाठवा!"

दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली आणि माझ्या बायकोनं एक दिवस माझ्यापुढं ताट आदळलं. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणते, मीही तेच म्हणतो. "बाईचा फोन होता. पोट्टीचं कॉलेज बंद करून परत येऊन राह्यले म्हने. जा, पाहून या काय होऊन राह्यलं तिथी." मी पश्चात्तापानं वीस किलो घरचा तांदूळ बांधून घेतला. निघताना आमच्या शाळेतले एक शिक्षक भेटले. त्यांना डोळे दाखवायचे होते आणि सोबत मेहुणा होता. आपण जातोच आहोत तर, म्हणून मी दोघांनाही घेतलं.

स्टेशनामागची ती एक खोली आणि स्वयंपाकाची पडवी. आत घरची तिघं सोडून सात माणसं होती, त्यांतली पाच मी ओळखत होतो. चटईवर साडभाऊ एका पाहुण्याच्या समोर बसून विचारत होते, "मूलच्या मिलचा भोंगा अजून फाटल्यावानीच वाजते काय जी?" पाहुणा भोंग्याचा आवाज काढून दाखवत होता, आणि हे डोळे मिटून ऐकत होते. मला पाहून उठले, मिठी मारली, पोत्यातला एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "सिंदेवाहीचा. मागच्या सालचा. बसा, जेवा."

बाई पडवीत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि खुंटीवरची एक तार माझ्या हातात दिली. किराणा दुकानात पावत्या टोचतात तशा त्यात चिठ्ठ्या टोचल्या होत्या. सगळ्या माझ्या. खालच्या चिठ्ठ्यांत जयभीम, खुशाली, सविस्तर ओळख. वर वर येता नुसतंच "सोय व्हावी". अगदी वरच्यांत नुसती सही. चार-पाच चिठ्ठ्यांवरची सही माझी नव्हतीच. माझ्या नावाची कोणी नक्कल करावी इतका मी मोठा झालो होतो.

"वाचा भाऊजी," बाई म्हणाल्या. "एक कागद म्हन्जे दोन दिवसाचं ताट. काई कागदाले तर चार-चार तोंडं व्हते. भाडं वाढलं, डाळ वाढली, थे मी कसंबी केलं असतं. ह्याचं काय करू? याहिले सांगतलं तर म्हनते, माणूस दारातून वापस कसा पाठवू?"

चुलीशी मुलगी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. बाहेरच्या खोलीत मी आणलेले ते दोघे हात धुऊन ताटावर बसलेले दिसत होते.

जेवणं झाल्यावर साडभाऊ आणि मी बाहेर पायरीवर बसलो. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "गुरुजी, दिवसभर मिलीत हिंदी बोलतो. यंत्रंबी इथली नवीन, त्याहिचा आवाज मले अजून ओळखीचा नाई वाटत. संध्याकाळी कोनी आपलं बोलनारं आलं का कानाले बरं वाटते. तेवढ्यासाठी मी पोट्टीची फी खाऊन टाकली." मग खरी गोष्ट सांगितली. मालकाची एक नवी मिल गावाबाहेर वीसेक मैलांवर धानाच्या बांध्यांत उभी राहत होती. तिथं फुकट क्वार्टर होतं. मालक दोनदा विचारून चुकला होता आणि यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं, कारण तिथं बस नाही, रेल्वे नाही, कोणी येणार नाही. सकाळी कामावर जाताना ते बाईंना एवढंच म्हणाले, "मालकाले हो म्हनतो. पोट्टीले होस्टेलात टाक." पेचकस खिशात घालून निघाले. मागं वळून पाहिलं नाही.

ते हलले. मुलगी होस्टेलात राहिली, फी भरली गेली. मला नवा पत्ता कोणी दिला नाही, आणि मागायचं तोंड मला नव्हतं. बाजारातले नमस्कार हळूहळू थांबले.

वर्षभरानं एका रविवारी फोन वाजला. साडभाऊ होते, गावातल्या बूथवरून. मागं एखादं यंत्र चालल्यासारखी घरघर ऐकू येत होती. पेरण्या, मिल, माझी तब्येत, सगळं विचारून झालं. मग आवाज खाली करून म्हणाले, "इकडं कोनी येनार हाय काय जी, एखांदा? एकटाच जेवून राह्यलो." मी म्हणालो, मी येतो, उद्याच निघतो, पत्ता सांगा. ते सांगू लागले, "स्टेशनावरून टेम्पो भेटते, मंग एक पिंपळ—" तेवढ्यात रिसीव्हर ओढल्याचा आवाज आला.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "पोट्टीचं आखरी वर्ष निघू द्या. मंग मी सोता पत्ता सांगन. तवपर्यंत येऊ नका. तुमी एकटे कधी येतच नाई."