बिल झाल्यावर कुर्ता कोणाचा

बाळांनो, एकाच नंबरचे दोन कुर्ते पाठवले तर एक घट्ट आणि एक ढगळ कसा, असं तुम्ही परवा विचारलंत, म्हणून हे लिहिते.

अमरावतीच्या एका दुकानात कपड्यांच्या मापांवर प्रबंध लिहिणारी एक मुलगी टेप घेऊन मालकासमोर उभी होती. त्याच्या परवानगीशिवाय दुकानात घेतलेलं माप कॉलेज धरणार नव्हतं.

"दुकानाचं नाव लिहिणार नाही, फोटोही काढणार नाही," ती म्हणाली.

"माह्याच दुकानात माही चूक शोधून राहिली काय वं? केस टाकीन!"

तिने हातातल्या कुर्त्याची नीट घडी घालून तो परत ठेवला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी खरेदी करून निघाले, तेव्हा तिने विचारलं, "आजी, बिल झालं ना? मग कुर्ता आता तुमचा. तुम्ही हो म्हणाल तर मोजू?"

मी हो म्हटलं. माझ्यामागे बायकांची रांग लागली. मोजून झालं की निम्म्या जणी बदलून घ्यायला पुन्हा आत जात.

शेवटी मालकच दारात आला. "अंदर ये बाप्पा, अन् अंदरच मोज!"

"राहू द्या काका, इथं उजेड चांगला आहे."

ते दुकान अजून आहे. मापं अजूनही जुळत नाहीत, पण मालक आता बिलाआधी मोजू देतो.