थोडं आत वढा

सुजात पडला तेव्हा त्याची एक टाच रेघेच्या आत होती. उरलेला सारा देह बाहेर.

चढाई करून परतताना पाहुण्या संघातल्या दोघांनी त्याची कंबर धरली. तिघेही घसरले. सुजात बाजूच्या चुन्याच्या रेघेवरून बाहेर फेकला गेला आणि खांद्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. इचोडा गावची ती दोन मुले उठून बाजूला झाली. ती पाहुणी होती. यजमान काय करतात, हे पाहत उभी राहिली.

आमच्या संघाचा कप्तान गजानन धावत आला. रेघेपर्यंत. तिथे त्याचे पाय थांबले. मागून संघातले बाकीचे आले, तेही चुन्यापाशी थांबले. थोड्याच वेळापूर्वी याच मुलांनी सुजातच्या बोटांत बोटे गुंफून साखळी धरली होती. त्यांच्या अंगावर अजून त्याचा घाम होता.

मंडपातून मंडळाचे अध्यक्ष, गजाननचे वडील, लाउडस्पीकरवर बोलले,

"गुरुजी, तुमचा पोरगा पडला. तुमच्या माणसायले बोलवा."

चढाईला निघाला तेव्हा त्याच लाउडस्पीकरवरून तो 'आपल्या गावचा वाघ' होता. हाड मोडताच माझा झाला.

गुरुजी म्हणजे मी. तेलंगणातल्या तलमडुगु मंडलात, म्हणजे तालुक्यात, आमच्या गावी मी शाळामास्तर होतो आणि कबड्डी मंडळाच्या मुलांना खेळही मीच शिकवत आलो. जन्म बौद्ध वस्तीतला. वसतिगृहातल्या एका वृद्ध शिक्षकांनी मला संस्कृत शिकवले, पुढे पालीची गोडी लागली. पहाटे त्रिशरण म्हटल्याशिवाय मी पाणी घेत नाही. क्षांती, म्हणजे सहनशीलता, ही पारमिता, बुद्धत्वाकडे नेणारा गुण, आहे असे मी मानतो. या एका शब्दाच्या आधाराने मी माझे आयुष्य काढले.

आमच्या गावात वाचनालय नाही, सभागृह नाही. जे आहे ते मंडळ. लग्नात मांडव मंडळ घालते, पंगत मंडळ वाढते. ओढ्याला पूर आला की आजारी माणसाला बाजेवर घालून मंडळाचीच मुले पलीकडे नेतात. गावातल्या कोणत्याही तरुणाला मंडळाबाहेर ओळख नाही. यात आमच्या वस्तीची मुलेही असतात. मांडवाचे बांबू ती खांद्यावर आणतात. पंगत वाढण्याची वेळ आली की त्यांना मांडवाबाहेर पाठवतात. पुरात बाजेला त्यांचा हात चालतो. बाज लाकडाची असते.

खेळाचा नियम निराळा. तो मंडळ स्थापणाऱ्या वस्तादांनी घालून दिला, माझ्या बालपणी.

"रेघंच्या आत इटाळ नाई. रेघंच्या बाहेर ज्याची त्याची जात."

असा नियम दुसऱ्या कुठल्या गावात मी ऐकला नाही. खेळ संपला की वरच्या जातींची मुले मारुतीच्या बाजूने बाहेर पडतात. तिथे तुळशीचे पान घातलेली पाण्याची बादली असते. प्रत्येकाच्या अंगावर ओंजळभर पाणी शिंपडले जाते. आमची मुले नाल्याच्या बाजूने उतरतात.

मी पहिल्यांदा रेघेच्या आत पाऊल टाकले तो दिवस मला लख्ख आठवतो. साखळी धरायची होती. पाटलांच्या मुलाने, म्हणजे आजच्या अध्यक्षांनी, हात पुढे केला. गरम, मऊ हात. त्या घराच्या ओसरीपर्यंतही मी कधी गेलो नव्हतो आणि त्या घराचा हात माझ्या हातात होता. मला वाटले, पृथ्वीवर एवढा एक चौकोन तरी शुद्ध आहे. पुढे संस्कृतात समत्वाबद्दल जे जे वाचले, ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तोच चौकोन येई. म्हणून मी तिथे माझ्या वस्तीची मुले आणली. वर्षानुवर्षे आणली. हंगामाच्या आरंभी चुन्याची रेघही मीच मारी. दोरी ताणून. सरळ.

आणि आता त्या रेघेच्या बाहेर सुजात पडला होता, त्या दिवशीच्या संघातला आमच्या वस्तीचा एकटा मुलगा.

पंच आदिलाबादहून आलेले, तेलुगू बोलणारे. त्यांना काही उमगेना. ते हिंदीत ओरडले, "अरे, देखते क्या हो? उठाओ ना!"

कोणी हलले नाही. गजानन खाली मान घालून पुटपुटला, "गुरुजी, रेघ हाय ना."

मी सुजातपाशी गुडघ्यांवर बसलो. गळ्याखालचे हाड कातडीला आतून रेटत होते.

"दुखून राह्यलं जी. लई दुखून राह्यलं."

मी गजाननकडे पाहिले. म्हटले, "बाहेर ये. मला एकट्याला उचलवणार नाही."

त्याने वडिलांकडे पाहिले. अध्यक्ष मंडपातून उठून आले. रेघेच्या आतल्या बाजूला उभे राहिले. आवाज हलका केला, घरच्या माणसाशी बोलावे तसा.

"गुरुजी, असं करा. त्याले थोडं आत वढा. मंग पोरं उचलतीन. कोनाचंच मन दुखनार नाई."

हा माणूस मला मदत करत होता. त्याने वाट शोधली होती. नियमाला धक्का नाही, दवाखान्याला उशीर नाही. फक्त मोडक्या हाडाच्या मुलाला मी मातीवरून दोन हात फरफटत न्यायचे. रेघेपलीकडे गेला की तो माणूस. मग त्याला उचलायला सहा जण तयार.

साऱ्या आयुष्यात माझा पुष्कळ अपमान झाला. शाळेत माझा पेला वेगळा. पारावर मला गोणपाट. तरी इतका स्पष्ट अपमान माझा कोणी केला नव्हता. कारण त्या एका वाक्यात मला माझा चौकोन दिसला. शुद्ध वगैरे काही नव्हता तो. त्यांना जिंकायला आमचा दम लागत होता, आमच्या मांड्या लागत होत्या. म्हणून त्यांनी विटाळाला तेवढ्यापुरती सुट्टी दिली होती. बालपणी तो गरम हात पुढे आला, तेव्हा मलाही असेच थोडे आत ओढले होते.

मी म्हणालो, "नाही."

"काय नाई?"

"ओढणार नाही. उचलायचे असेल तर इथे या."

"अवो, पोराचं हाड मोडलं हाय. आन् तुमी हट्ट काऊन करून राह्यले?"

मी सुजातचे डोके मांडीवर घेतले आणि बसलो. मैदानाभोवती सारे गाव होते. कोणी आले नाही. मी वाट पाहिली, हे मला सांगितलेच पाहिजे. गजानन येईल, असे मला वाटत होते. तो आला नाही.

नाल्याकडून सुजातची आई कौसाबाई आली. मागे वस्तीतल्या बायका, डोक्यावर बाज. गजाननपाशी ती क्षणभर थांबली.

"काय रे बापा, सकाळी तं माह्या दारात 'सुजात, चाल ना बे' म्हनून नरडं फाडत होता. आता काय पायाले चुना लागला?"

कोणीतरी फिसकन हसले. गजाननने मान वर केली नाही. बायकांनी सुजातला बाजेवर घेतले. आम्ही दवाखान्यात नेणाऱ्या जीपपर्यंत पोचलो तोच मागे शिटी वाजली. खेळ पुन्हा सुरू झाला होता. तो सामना आमच्या गावाने जिंकला. तेलुगू अक्षरांचा मोठा कप आला. तो ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे.

येथे मला थांबता आले असते, तर बरे झाले असते.

आठवड्याने सुजातच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधलेला. त्याने मला बसायला दिले. मग म्हणाला,

"वढायचं होतं ना गुरुजी. दोन हात तं जागा होती. समदं गाव हासून राह्यलं, का वाघाले बायायनं उचलून नेलं."

"दुखले नसते?"

"ते तं तसंबी दुखलंच. तुमच्या नाईमुळं मले आता संघात घेतीन का नाई, कोन जाने. खेळाबिगर दुसरं हाय काय माह्याजोळ?"

कौसाबाई चुलीपाशी बसली होती. ती लाकडे आत सारत राहिली. मी घरी आलो. त्या संध्याकाळी त्रिशरण म्हणताना एकच गोष्ट मनात येत राहिली. ज्याच्यासाठी नकार दिला, त्यालाच तो नकार नको होता.  

यंदा नवा हंगाम आला. गजानन माझ्या अंगणाच्या कडेला उभा राहिला. हातात भिजवलेल्या चुन्याची बादली.

"गुरुजी, चाला. रेघ मारा लागते. बाबानं सांगतलं, झालं गेलं सोडून द्या म्हना. सुजातलेबी घेतलं संघात."

"तू अंगणात ये. मग बोलू."

तो हसला. ओशाळून. पाय मात्र हलले नाहीत. माझ्या अंगणाला चुना नव्हता, कुंपण नव्हते. तरी त्याला तिथे रेघ दिसत होती.

"गजानन," मी म्हणालो, "आजवर हाताला धरून मी मुले आत आणली. आता एकालाही आणणार नाही. रेघही मारणार नाही. ज्याला आमचा हात हवा, त्याने बाहेर यावे."

"मंग कोनीच येनार नाई, गुरुजी."

"ठाऊक आहे."

बादली उचलून तो गेला. संध्याकाळी मैदानाकडून दम धरल्याचा आवाज येऊ लागला. कबड्डी, कबड्डी. तो सुजातचा होता. मी तो हजारांत ओळखीन. रेघ त्यांनी मारलीच होती, थोडी वाकडी.

मी तिथवर गेलो. रेघेच्या बाहेर, सुजात पडला होता तिथे, जमिनीवर बसलो. रोज खेळ सुटेपर्यंत बसतो. त्यांना मी दिसतो. अध्यक्षांनी एकदा खुर्ची पाठवली, ती मी परत केली. मला इथून कायमचे उठवायचे असेल, तर कोणालातरी ती रेघ ओलांडून माझ्या दंडाला हात लावावा लागेल. तोवर मी रोज येऊन बसणार. माझ्या वस्तीतले कोणी माझ्याशेजारी येऊन बसलेले नाही. सुजातही माझ्याकडे न पाहता नाल्याच्या बाजूने उतरतो.

उतरो. मी बसलो आहे.