अक्काच्या गालांवरचे निळे पट्टे

माझी थोरली बहीण अक्का चाळीस वर्षं एका लाँड्रीत इस्त्रीवर उभी होती. उभी म्हणतो, कारण तिला बसलेली कुणी पाहिलीच नाही. हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, नवरदेवांचे सूट, सगळं तिच्या हाताखालून गेलं. एकदा एक वकील म्हणाला, "बाई, या बाहीला पडलेला मोड काही जात नाही." अक्का म्हणाली, "जात नाही? त्याचा बाप जाईल!" पाण्याचा हबका मारला, कोपरापासून सगळा भार इस्त्रीवर टाकला, दहा आकडे मोजले आणि मोड गेला. वकिलानं तिला वाकून नमस्कार केला म्हणतात. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण केला असणार.

आणि अशा या तोफेचा संसार कुणाशी? तर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. आमचे दाजी बोलतातसुद्धा चिमट्यानं एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, त्यांचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही.

म्हणून त्या रविवारी जे पाहिलं, त्यावर माझा विश्वासच बसेना. अक्कानं दार उघडलं आणि तिच्या दोन्ही गालांवर बोटाएवढे रुंद, निळे-काळे पट्टे! एक तर थेट डोळ्याखाली. माझ्या हातातली पेरूंची पिशवी सुटली, पेरू टणाटण जिन्यावरून खाली.

"अक्का, हे काय?"

"काही नाही रे. न्हाणीघरात पाय घसरला."

"आणि लागलं दोन्ही गालांना?"

अक्कानं पदर गालावर ओढला. "दोनदा घसरला."

खालच्या मजल्यावरच्या बाई माझे पेरू पदरात गोळा करून वर आल्या. पिशवीत टाकता टाकता हळूच म्हणाल्या, "पाच दिवस झाले, भाऊ. आम्ही काही ऐकलं नाही हो, पण त्यांच्याकडं बघवत नाही."

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरच्या खोलीत दाजी डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात वाकले होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"दाजी, अक्कावर हात टाकलात?"

भिंग डोळ्यातून निसटून टेबलावर पडलं. दाजींचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. नाही म्हणाले असते तर मी तिथंच थांबलो असतो. पण ते गप्प. मान खाली. ज्या माणसाला मी बापाच्या जागी मानलं, तो गप्प!

"अक्का, कपडे भर," मी ओरडलो. "आजपासून तू माझ्या घरी. आणि दाजी, तुमचं माझं नातं संपलं. परत या तोंडानं तुम्हाला दाजी म्हणणार नाही!"

"अरे गाढवा, तोंड आवर!" अक्का माझ्याहून मोठ्यानं ओरडली. तरातरा आत गेली, कपाटातल्या साड्यांच्या मागून एक डबी काढून आणली आणि माझ्यासमोर आपटली. "यानं मारलंय मला. घाल याच्याशी भांडण!"

डबीत दोन वस्तू. एक म्हणजे रंगाऱ्याच्या रोलरचं बाळ, पण गुळगुळीत हिरव्या दगडाचं. दुसरी त्याच दगडाची, कानाच्या आकाराची चकती. आवाज ऐकून अक्काची नात अभ्यास टाकून बाहेर आली होती. ती किंचाळली, "आजी! मी वाढदिवसाला चेहऱ्याच्या मालिशसाठी दिलेला रोलर आणि ही ग्वाशाची चकती! यानं असं होतं?"

तेव्हा अक्का खाली बघत बोलली. लाँड्रीवाले तिचा फोटो काढून दुकानात लावणार होते. "चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांचे मोड काढले. भिंतीवर सुरकुतलेली बसू का? म्हटलं, काढू आपलेही. या वयात आरशासमोर असलं काही करते हे सांगायची लाज वाटली. म्हणून पडले म्हणून सांगितलं."

"पण केलंस कसं? दाखव बघू."

अक्कानं बोटांनी गालावर पाण्याचा हबका मारला. रोलर सुरकुतीवर ठेवला, कोपर टेबलावर रोवलं आणि सगळा भार टाकून मोजायला लागली, "एक, दोन..."

"थांब!" आम्ही तिघंही ओरडलो.

"आणि हट्टी मोडाला ही चकती उभी धरायची," अक्का म्हणाली. "धारेनं."

नातीनं कपाळाला हात लावला. "आजी, चेहरा आहे, चादर नाही! आधी तेल लावायचं. दगड आडवा टेकवायचा, नाकापासून कानाकडं, अगदी अलगद. आणि यानं सुरकुत्या जात नाहीत गं. जरा बरं वाटतं, एवढंच."

"जात नाहीत?" अक्काला खरा धक्का तो बसला. "मग मी पाच दिवस काय झक मारली?"

मी हसायला तोंड उघडलं आणि दाजींकडं लक्ष गेलं. त्यांचे डोळे भरले होते. मी जाऊन स्वतःचे दोन्ही कान धरले. "दाजी, चुकलो. पण तुम्ही एक शब्द तरी बोलायचा होता!"

"काय बोलणार?" ते म्हणाले. "ही पडली यावर माझाही विश्वास बसला नाही. वाटलं, झोपेत माझाच हात लागला असेल. माझ्या वडिलांना झोपेत हात झाडायची खोड होती. म्हटलं, ही मला सांभाळून घ्यायला खोटं बोलतेय. तू विचारलंस आणि मला नाही म्हणता येईना. मलाच माहीत नव्हतं."

अक्का त्यांच्याकडं बघतच राहिली.

"म्हणून तुम्ही इथं खुर्चीत झोपताय? आत उकडतं म्हणाला होतात!"

"तू घसरले म्हणाली होतीस," दाजी म्हणाले.

अक्का पुढं झाली. दाजींच्या खुर्चीवरची उशी उचलली, काखेत मारली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत आतल्या खोलीत नेऊन ठेवली.