गीताबाईची मूठ

आमच्या सासूबाईंना, म्हणजे अंजनाबाईंना, तलवाड्यात कुणी चित्रकार म्हणत नाही. पण गावातल्या महिला मंडळानं फार वर्षांपूर्वी स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, त्यातली सगळी चित्रं त्यांची. मी लग्न होऊन आले तेव्हा साड्या दाखवायच्या आधी त्यांनी मला ते दाखवलं. पिवळं मुखपृष्ठ, त्यावर चूल. शेंगुळ्यांच्या पानावर जागा उरली म्हणून एक मांजर. मांजराचा शेंगुळ्यांशी काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "घरात असतंय का न्हाई?" तेव्हापासून ते पुस्तक मला फार आवडतं, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुस्तकाचं घोडं अडलं होतं येसरापाशी. लग्नघरी भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं हे पीठ करतात. त्याची आमटी नसली तर वऱ्हाड जेवलं असं आमच्याकडे कुणी मानत नाही. धान्य पायलीनं मोजायचं, पण धणे, मिरची, खोबरं मुठीनं. आता मूठ कुणाची? बायकांची चांगलीच जुंपली. शेवटी गीताबाईची मूठ खरी धरली, कारण तिच्या येसराला गावात तोड नव्हती. ती आमची शेजारीण आणि सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण. सासूबाईंनी तिचा पंजा कागदावर ठेवला, भोवतीनं पेन्सिल फिरवली आणि खाली लिहिलं: आपला हात यावर ठेवून पाहावा. मोठा असेल तर मूठ कमी भरावी, लहान असेल तर जास्त.

छापखान्यातल्या कुणा शहाण्यानं पानात बसावा म्हणून तो पंजा बाहुलीच्या हाताएवढा करून छापला. बायकांनी इमानेइतबारे हात ठेवून पाहिले, मुठी कमी भरल्या, आणि त्या उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येक लग्नात आमटी मिळमिळीत झाली.

मूळ कागद परत आला तो सासूबाईंच्या ट्रंकेत गेला. गीताबाई वारल्यापासून दर दिवाळीला तो बाहेर निघतो. सासूबाई त्यावर आपला हात ठेवून बसतात आणि मग परत ठेवून देतात. त्या वेळी मी चहा विचारायलासुद्धा जात नाही.

परवा सिरसाळ्याहून गीताबाईची लेक रोहिणी आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. पिशवीतून तेच पिवळं पुस्तक काढून म्हणाली, "मावशी, येसर आईच्या मुठीचंच करायचं हाय. पर ह्यातला हात लई बारका हाय. तुमच्यापशी मोठा कागद हाय म्हनं. द्याल का?"

"बघून घे, माप घे," सासूबाई म्हणाल्या. "कागद मी न्हाई द्यायची."

मला त्यांचा राग आला. कीवही आली. त्यांनी कागद आणून पसरला. रोहिणीनं त्यावर पंजा ठेवला. तिची बोटं आईपेक्षा आखूड निघाली. माप कळलं होतं, पण ती हात काही उचलेना. "आई गेली तवा मी यायच्या आतच तिला नेलतं," एवढंच बोलली.

सासूबाई उठल्या. खिडकीच्या काचेवर गीताबाईचा कागद लावला, त्यावर कोरा कागद ठेवला आणि मला म्हणाल्या, "धर नीट." मग पेन्सिल घेऊन गिरवू लागल्या. त्यांचा हात आता थरथरतो, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. अंगठा बरा आला. करंगळी मात्र भलतीकडेच गेली. ते बघून माझेच डोळे भरून आले.

"चालतंय मावशी, मी ह्योच नेते," असं म्हणून रोहिणीनं नवा कागद घ्यायला हात पुढे केला.

सासूबाईंनी तो कागद मागे घेतला आणि जुना तिच्या हातात दिला.

"वाकड्या मापानं येसर बिघडंल," त्या म्हणाल्या. "मला कुटं काय मोजायचंय? मला नुसता हात ठेवायचा असतोय."