पुठ्ठ्याआडचा फासा

सोपान रणवरे सरांबद्दल मला वाईट सांगायचं आहे, म्हणून आधी चांगलं सांगतो.

मी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत कामाला आहे. दिवसभर ट्रे भरायचे, रोपं मोजायची, माणसांशी बोलायचं काम कमीच. ते बरंच आहे, कारण मी लहानपणापासून अडखळत बोलतो. सरांच्या बारामतीतल्या संगणक क्लासला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगतानाच अडकलो. वर्गातली पोरं हसली. सर हसले नाहीत. माझा शब्द त्यांनी माझ्या तोंडून काढूनही घेतला नाही. समोरचा माणूस नेहमी तेच करतो, घाईनं माझं वाक्य पुरं करून टाकतो. सर हातातला खडू धरून थांबले. "माऊली" असं माझ्या तोंडून पुरतं बाहेर पडेपर्यंत थांबले.

कोर्स संपल्यावर म्हणाले, "रविवारी दुपारी येत जा. आमी एक खेळ खेळतो."

तो खेळ तोंडी होता. टेबलाभोवती बसायचं. एकजण सूत्रधार. तो एक जग सांगतो: नदी, डोंगर, किल्ला, गावं, तिथली माणसं. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात. आपलं पात्र काय करणार हे ज्याचं त्यानं सांगायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, आकडा मोठा पडला की जमलं. जिंकणं-हरणं नाही. गोष्ट पुढं जात राहते, वर्षानुवर्षं.

सर पुण्याला इंजिनिअरिंगला होते तेव्हा वसतिगृहात हे शिकले. दुसऱ्या वर्षी वडील वारले आणि थोरले भाऊ दत्तोबा यांनी त्यांना गावी, सणसरला परत आणलं. पुढं सगळं दत्तोबांनीच ठरवलं. ऊस कुठल्या जातीचा लावायचा, विहिरीवर मोटार कुठली बसवायची, सोपानचं लग्न कुठं करायचं. मी एकदा सरांच्या घरी जेवायला गेलो होतो. ठिबकच्या पायपांबद्दल सर काहीतरी सांगायला लागले. दत्तोबा मान न वळवता म्हणाले, "तू तुझा कंप्युटर बघ." सरांनी पुढचा घास घेतला. वहिनींनी भाकरी वाढली. माझ्यापुढं कुणी असं बोललं याचं सरांना काही वाटलेलं दिसलं नाही, इतकं ते रोजचं होतं.

क्लास तेवढा सरांचा होता, आणि रविवारचा खेळ.

आम्ही तिघं खेळाडू. कोऱ्हाळे बुद्रुकची प्रगती, औषधाच्या दुकानात काम करायची, स्कुटीवर यायची. इंदापूरची रोहिणी, तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. आणि मी. रोहिणी आणि मी इंदापुरातून एकच एस.टी. धरायचो, खिडकीजवळची एक जागा पिशवी ठेवून अडवायचो, आणि सणसरला सर चढले की पिशवी उचलायचो. सरांच्या काखेत वह्या असायच्या. सात वह्या. त्यांच्या जगातल्या प्रत्येक गावाची शीव, प्रत्येक घाटावरच्या नावाड्याचं नाव त्यांत लिहिलेलं होतं.

त्या जगात मी शाहीर होतो. काय झालं मला कळलं नाही, पण शाहीर अडखळायचा नाही. भरल्या दरबारात मी सलग दहा-दहा मिनिटं बोलायचो आणि सर डोळे मिटून ऐकायचे. तीन वर्षं असे रविवार गेले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस, आणि ते सरांनी दिले होते.

रोहिणीचं पात्र होतं सगुणा. नदीवर नाव चालवणारी, कुणाचं न ऐकणारी विधवा बाई. रोहिणी तशी कमी बोलायची. लग्न, सासर, दोन वर्षांत परत माहेर, एवढंच आम्हाला माहीत होतं. पण सगुणा बोलायला लागली की प्रगती टेबलावर हात आपटून हसायची.

सरांनी त्या तीन वर्षांत एक लढाई रचत आणली होती. नदीपलीकडच्या राजावर सेनापती चालून जाणार, सगुणा त्याला पहिल्या नावेतून पार नेणार, मागून सैन्य, मग मोठं रण. सातवी वही अख्खी त्या रणानं भरली होती.

तो रविवार आला. सेनापती नावेत बसला. सरांनी नदीचं, धुक्याचं फार सुंदर वर्णन केलं. मग म्हणाले, "सगुणा, वल्हं मार."

रोहिणी म्हणाली, "सगुणा नाव वळवती."

"म्हंजे?"

"माघारी किनाऱ्याला लावती. सेनापतीला उतरवती. मग सातही घाटांवर जाऊन नावाड्यांना सांगती, नावा बांधून टाका. एकबी माणूस पलीकडं न्यायचा न्हाय."

प्रगती ओरडलीच, "आयला, भारी!" माझ्याही अंगावर काटा आला. लढाई थांबवायची, तीही एका दोरानं, हे आमच्या कुणाच्या मनातही नव्हतं.

सर वहीकडं बघत होते. "सगुणा असं करणार न्हाय."

"सगुणा माझी हाय, सर."

"मी तिला तीन वर्षं बघतोय. ती असं करणार न्हाय."

रोहिणीचा चेहरा बदलला. "मी काय करणार आन् काय न्हाय हे दुसऱ्यानं सांगितलेलं लई ऐकलंय मी," ती म्हणाली. "हितं ऐकायला येत न्हाय."

सरांनी फासा तिच्यापुढं सरकवला. "टाक. नावाडी ऐकत्यात का बघू."

एकोणीस पडले.

सरांनी फासा उचलून मुठीत धरला. मग म्हणाले, "न्हाय ऐकत."

"एकोणीस हायेत!"

"तरीबी न्हाय. सूत्रधार मी हाय."

त्या दिवशी खेळ तिथंच थांबला. परतीच्या एस.टी.त सर पुढं ड्रायव्हरमागं बसले. सणसरला उतरताना आमच्याकडं बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी ते हसतमुख आले. म्हणाले, झालं गेलं, नावाड्यांनी नावा बांधल्या, तुझं खरं. रोहिणी खूश झाली. तिनं घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या वड्या वाटल्या. मग सरांनी गोष्ट पुढं नेली. सगुणा सातव्या घाटावरून एकटी परत निघालीय. किनाऱ्यावर सेनापतीचा तिरंदाज आहे. तो बाण सोडतो.

शत्रूसाठी सूत्रधार स्वतः फासा टाकतो, आणि सर तो एका पुठ्ठ्याच्या आडोशामागं टाकायचे. मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायचो. तिथून आडोशामागचं दिसायचं. मी कधी मुद्दाम बघत नसे. त्या दिवशी बघितलं.

फासा चारावर थांबला होता.

"अठरा," सर म्हणाले. "गळ्यात बाण. सगुणा नदीत पडली. मेली."

फासा उचलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. रोहिणीनंही माझ्याकडं पाहिलं. ती काही विचारत नव्हती, नुसती बघत होती. मला फक्त 'चार' म्हणायचं होतं, दोन अक्षरं. माझं तोंड उघडलं नाही. हे मी अडखळण्यावर ढकलू शकलो असतो. पण त्या दिवशी जीभ अडली नव्हती. ज्या माणसानं माझ्यासाठी थांबायची तसदी घेतली त्याला चारचौघांत खोटं पाडायचं मी टाळलं, एवढंच.

रोहिणीनं सगुणाचा कागद नीट चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. "येते," म्हणाली, आणि पुन्हा आली नाही. महिन्याभरात प्रगतीनंही येणं सोडलं. सर मला म्हणाले, "बायकांना हरणं सोसत न्हाय." मी मान डोलवली. तेही मीच केलं.

नंतर काही रविवार आम्ही दोघंच बसलो. सर लढाई सांगायचे, मी ऐकायचो. माझ्या शाहिराला त्यात काही करण्यासारखं उरलं नव्हतं. एका रविवारी मीही गेलो नाही.

बाणाच्या त्या दिवसानंतर आठ महिन्यांनी इंदापूरच्या स्टँडवर रोहिणी भेटली. मी धाडस करून तिला खरा आकडा सांगितला. च अक्षरावर तीनदा अडकलो. ती थांबली, पण सरांसारखी नाही. मला पुरतं अडकू देण्यासाठी थांबली असं वाटलं.

"मला त्याच दिवशी ठाव होतं," ती म्हणाली. "तू बघितलंस हेबी. तू आठ महिने लावलेस, तेवढं मातर ठाव नव्हतं."

मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, आजही सांगता येत नाही. पण म्हणाली की लॅबच्या वरच्या खोलीत तिनं स्वतःचा खेळ सुरू केलाय, लॅबमधल्या प्रतीक्षा आणि भीमा या दोघांना घेऊन. प्रगतीही येते. सूत्रधार ती. यायचं तर ये. आडोसा नाही, सगळे फासे टेबलाच्या मधोमध.

मी जायला लागलो. हे सरांना कसं कळलं कोण जाणे, त्यांचा फोन आला. "मलाबी घेता का? खेळाडू म्हणून." आवाज इतका हळू होता की मला दत्तोबांसमोरचं ते जेवणाचं ताट आठवलं. मी रोहिणीला विचारलं. तिनं दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली.

सर आले. म्हातारा शिलेदार घेतला. पहिला तास ते रोहिणीला सांगत राहिले: किल्ल्याचं वर्णन आधी कर, एवढं सोपं देऊ नको, खेळाडूंना मोकाट सोडू नको. रोहिणी "व्हय सर" म्हणत पुढं जात राहिली. मग शिलेदारानं तट चढायला घेतला. सरांनी स्वतःच्या हातानं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फासा टाकला. दोन पडले.

"शिलेदार घसरला," रोहिणी म्हणाली. "पाय मोडला."

"हा फासा बरोबर न्हाय."

"तुमचा असंल ना खिशात? तो टाका. जे पडंल ते मानू."

सरांचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. "तू मला हितं मारायलाच बोलावलंस."

"पाय मोडलाय, सर. दोन आठवड्यांत चालाया लागंल."

"मला शिकवू नको!" सर उभे राहिले. "सूत्रधार काय करतो मला चांगलं ठाव हाय. मनात धरून बसतो आन् येळ आली की काढतो. फासा काय, फासा नावाला!"

काय बोलून गेलो हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी रोहिणीकडं पाहिलं, आणि माझ्याकडं. मला वाटलं आता ते बोलतील, एक शब्द तरी. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

रोहिणी पाण्याची बाटली उघडत होती. झाकण तिला उघडेना. प्रगतीनं उघडून दिली.

"शिलेदार तटाखाली पडलाय," शेवटी रोहिणी म्हणाली. "उचलताय का?"

आम्ही त्याला उचलून एका गावात ठेवलं. पुढं त्याला कुणी खेळवलं नाही.

गेल्या मार्चमध्ये रोपवाटिकेच्या कामानं बारामतीला गेलो होतो तेव्हा भिगवण रोडवर सर दिसले. पोट सुटलंय, केस गेलेत. क्लास आता भाच्याच्या हाती दिलाय म्हणाले. दत्तोबांनी तसं ठरवलं. चहा घेऊ म्हणालो तर नको म्हणाले. जाता जाता थांबले.

"तुझ्यामुळं मोडलं ते सगळं, माऊली."

"माझ्यामुळं?"

"त्या दिवशी तू माझ्या उजवीकडं बसला असतास तर काय न्हाय झालं असतं."

त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. हे त्यांना मनापासून वाटत होतं. रस्ता ओलांडून ते एस.टी. स्टँडच्या बाजूला गेले, आणि मी ट्रे आणायला दुकानात शिरलो.