उस्तादाचा झाडू

मनोऱ्यावरच्या घड्याळाची नवी घंटा पहिल्याच टोल्याला खणखणीत वाजली आणि ओतारी उस्तादाला आकाश ठेंगणं झालं. आधीच्या दोन घंटा तडकल्या तेव्हा लोकांनी याला यथेच्छ नावं ठेवली होती. आता तीच तोंडं वाहवा करत होती. माणसाने खूश व्हावं की नाही? पण नाही, कारखान्यात परतला तो नाकावर राग घेऊनच.

कारखान्यात बापाच्या वेळचा एक नेम होता. ओतकाम जमलं की त्या दिवशी जमीन उस्तादाने स्वतः झाडायची आणि मग देवाला हात जोडायचे. कारण धातू साच्यात गेला की पुढचं माणसाच्या हातात नसतं. साच्याला नुसती ओल लागली तरी तापलेला धातू उसळतो आणि भोवती उभी असलेली माणसं जिवानिशी जातात.

बायकोने झाडू पुढे केला.

"मी नाही मारणार!" तो कडाडला. "भट्टीसमोर भाजलो मी. देव आला होता का कोळसा घालायला?"

"अहो, असं बोलू नये. नेम आहे आपला."

"खड्ड्यात गेला नेम! घंटा वाजली की देवाची कृपा, आणि तडकली की मी गाढव! हा कुठला न्याय?"

प्रश्न बिनतोड होता, हे कबूल करायला हवं. पण बायकोही काही कमी नव्हती. "मग मी झाडते," म्हणत तिने बाह्या वर सारल्या. त्याचा थोरला भाऊ दारात उभा राहून खुदकन हसला, आणि उस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने झाडू हिसकावला आणि जमिनीशी जुनं वैर असल्यासारखा सपासप मारायला लागला.

झाडत झाडत तो घंटेचा साचा ठेवायच्या खड्ड्याशी आला. तिथे झाडू अडला. भिंतीकडून चिखलाचा एक ओघळ खड्ड्यात उतरला होता आणि साच्याच्या जागेपासून बोटभर अंतरावर थांबला होता. धगीने भाजून तो विटेसारखा कडक झाला होता. म्हणजे धातू ओतताना तो ओला होता.

मग त्याला आठवलं. घंटा ओतायच्या दिवशी भावावर भडकून तो भिंतीजवळच्या नळावर तोंड धुवायला गेला होता आणि तणतणत तसाच परत आला होता. नळ बंद केलाच नव्हता. आणि ओतताना खड्ड्याच्या काठावर त्याच्या एका बाजूला भाऊ होता, दुसऱ्या बाजूला बायको.

आता ओरडायचं कुणावर?

"एवढं वाचवलंस," तो छताकडे बघून ओरडला, "आणि चकार शब्द नाही? मी इतका मिरवलो, तेव्हा तरी टोकायचंस!"

बायको घाबरून धावत आली. "काय झालं? राहू द्या, आणा तो झाडू इकडे."

"हात लावू नकोस!" तो तिच्यावरच खेकसला. त्याचे डोळे भरून आले होते. "अजून अर्धा कारखाना झाडायचा राहिलाय."